ओरिजिनल फोटो मोबाईलमध्येच ठेवा, क्लाऊडवर फक्त झेरॉक्स



कबनूरच्या आपल्या रविवारच्या बॅचमध्ये परवा एक छोटा खेळ घेतला. सगळ्यांना म्हटलं, मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, वायफायपण बंद करा. आता गेल्या दिवाळीत विकलेल्या आपल्या मालाचा कुठलाही एक फोटो उघडा आणि दोन बोटांनी झूम करा.

तुम्हीपण वाचता वाचता करून बघा. मी थांबतो.

बॅचमध्ये १८ जण होते. निम्म्यांच्या स्क्रीनवर गोल चक्र फिरत बसलं. काहींचा फोटो उघडला, पण झूम केल्यावर नुसता धुरळा. एकाच्या गॅलरीत माल सापडेपर्यंत लग्नाचे, गुड मॉर्निंगचे आणि म्हशीचे फोटो निघाले. (म्हैस विकायला काढली होती, त्यामुळे तो पण व्यवसायच म्हणायचा.) आणि मागच्या रांगेत आरी वर्कचे ब्लाऊज करणाऱ्या एक ताई बसल्या होत्या, त्यांचा फोटो पटकन उघडला. मणी मणी दिसत होता. टाका मोजून घ्या म्हटलं तरी चालेल इतका स्वच्छ.

मी विचारलं, "ताई, क्लाऊडचं कुठलं सेटिंग केलंय?"

"सर, मला ते कळतच नाही. पोरगा म्हणाला होता करून देतो, पण राहून गेलं."

सगळे हसले. मी मात्र हसलो नाही, कारण व्यवसायाच्या दृष्टीनं त्या दिवशी वर्गात सगळ्यात चांगली गॅलरी त्यांचीच होती. मग मी पुढचा प्रश्न विचारला, "आणि हा फोन आत्ता विहिरीत पडला तर?" त्या गप्पच झाल्या.

आजचा सगळा विषय या दोन प्रश्नांच्या मधे आहे.

माझा ६०० मीटरचा धडा

माझं कापडाचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत आहे. किरकोळ तर विकतोच, पण बाहेरच्या व्यापाऱ्यांना सॅम्पल दाखवून ऑर्डरही घेतो. आमच्या भागात हे नवीन नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून इथला माल बाहेर जातोय. आज कबनूरच्या गल्लीतून चाललात तरी मागाचा खडखडाट ऐकू येतो. फरक एवढाच, की पूर्वी व्यापारी सॅम्पलचा तुकडा पिशवीतून न्यायचा, आता त्याला आधी फोटो लागतो.

काही वर्षांपूर्वी माझा फोन फुल झाला. क्लाऊडचं अॅप सारखं सांगत होतं, फोटो वर सुरक्षित आहेत, फोनमधली जागा मोकळी करा. मी केली. एका टचमध्ये कितीतरी जीबी मोकळे. काय भारी वाटलं होतं! पुढे नवीन फोन घेतला, जुना रीसेट करून चुलतभावाला दिला. नवीन फोनवर क्लाऊडचं खातं उघडायला गेलो तर पासवर्ड आठवेना. ओटीपी मागवला, तर तो जाणार जुन्या सिमवर. ते सिम मी रिचार्ज न केल्यानं कधीच बंद पडलेलं. खातं उघडलं होतं फोन घेताना घाईघाईत काउंटरवर उभं राहून, तेव्हा कुठला नंबर टाकला याकडे कोण बघतंय? चूक शंभर टक्के माझी. कंपनीनं काही चोरलं नाही. माझेच फोटो, माझ्याच कुलपात, आणि किल्ली मीच हरवली.

माझ्याकडे उरलं काय? व्हॉट्सअॅपवर व्यापाऱ्यांना पाठवलेले फोटो. मला वाटलं, चला, काम भागलं.

दोनच महिन्यांत एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "गेल्या सीझनचा तो निळा चेक्स परत पाहिजे, तसाच्या तसा." कापडाचा तुकडा माझ्याकडे शिल्लक नव्हता. व्हॉट्सअॅपवरचा फोटो घेऊन कारखानदाराकडे गेलो. चेक्स परत विणायचा म्हणजे ताण्यात निळे धागे किती, मग पांढरे किती, मग परत निळे किती, हे मोजावं लागतं. त्यानं झूम केलं, चष्मा वर केला आणि म्हणाला, "शेठ, यात धागा कुठं आहे? हे तर रंगाचे डाग आहेत." शेवटी अंदाजानं काढलं. ६०० मीटर विणून झालं, गिऱ्हाइकानं एक नजर टाकली आणि सांगितलं, पट्टी रुंद झालीय, हा तो माल नाही. सगळं कापड मीटरमागं २० रुपये कमी करून फुटकळ विकलं. १२ हजार गेले. पैशापेक्षा जास्त लागलं ते हे, की ओरिजिनल फोटो काढला होता मीच. उन्हात, पट्टी ठेवून, मन लावून काढला होता.

फोटो म्हणजे किती ठिपके, हे आधी समजून घ्या

आपल्याकडे बहुतेक जण "फोटो क्लिअर आहे" यावर थांबतात. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो क्लिअर दिसतात. हिशोब असा करा.

मोबाईलचा साधा १२ मेगापिक्सलचा फोटो म्हणजे आडवे ४,००० आणि उभे ३,००० ठिपके. समजा तुम्ही ८ इंच रुंदीचं कापड फ्रेममध्ये घेतलं. म्हणजे एका इंचाला ५०० ठिपके आले. कापडात इंचाला ८० धागे असतील, तर एका धाग्याच्या वाट्याला ६ ठिपके. झूम करून मोजता येतो. तोच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला, की तो साधारण १,६०० ठिपक्यांवर येतो. आता इंचाला २००, आणि धाग्याला अडीच. वर कॉम्प्रेशन होतं ते वेगळंच. धागा शेजारच्या धाग्यात मिसळून जातो. माझ्या कारखानदाराला दिसलेले "रंगाचे डाग" हेच होते.

तुम्ही कापडात नसाल तरी हेच गणित लागू आहे. छापील कॅटलॉगसाठी प्रेसवाला इंचाला ३०० ठिपके मागतो. ४,००० चा फोटो १३ इंचांपर्यंत सुंदर छापून येतो, १,६०० चा सव्वापाच इंचांतच दमतो. कोल्हापुरी चप्पल विकणाऱ्यानं शिवण दाखवायची असेल, चांदीचं काम करणाऱ्या हुपरीच्या माणसाला पैंजणाची कडी दाखवायची असेल, केकवालीला क्रीमची धार दाखवायची असेल, तर हे ठिपकेच तुमचा माल विकतात.

आणि एकदा गेलेले ठिपके परत येत नाहीत. अॅप टाकून "फोटो एचडी करा" म्हटलं तर ते स्वतःच्या मनानं धागे काढतं. दिसायला छान, पण तो तुमचा माल नव्हे.

जुन्या फोटो स्टुडिओत आठवतंय का, पाकिटावर निगेटिव्हचा नंबर लिहून द्यायचे? प्रिंट हरवली तरी बिनधास्त. नंबर सांगा, दुसरी प्रिंट घ्या. निगेटिव्ह मात्र स्टुडिओवाला कुणाला हातात देत नसे. तुमच्या फोनमधला ओरिजिनल फोटो ही निगेटिव्ह आहे. व्हॉट्सअॅप, स्टेटस, इन्स्टाग्राम या सगळ्या प्रिंट. आपण काय करतो, तर प्रिंट जपतो आणि निगेटिव्ह दुसऱ्याच्या गोदामात पाठवून देतो.

क्लाऊड वाईट आहे का?

नाही. मी स्वतः वापरतो. पण ते कसं चालतं हे माहीत असू द्या, कारण फुकट म्हणून सुरू झालेल्या गोष्टीवर आपण धंदा उभा करतो.

गुगल फोटोज २०१५ मध्ये आलं तेव्हा "हाय क्वालिटी"मध्ये हवे तेवढे फोटो फुकट ठेवता येत होते. लोकांना सवय लागली. १ जून २०२१ पासून ते बंद झालं. त्यानंतर टाकलेला प्रत्येक फोटो १५ जीबीच्या हिशोबात धरला जातो, आणि त्याच १५ जीबीत तुमचा जीमेल आणि ड्राईव्ह पण आहे. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपसुद्धा आता त्यातच मोजतात. हाय क्वालिटीचं नाव बदलून "स्टोरेज सेव्हर" झालं. त्यात १६ मेगापिक्सलपेक्षा मोठा फोटो १६ वर आणतात आणि व्हिडिओ १०८०पी पर्यंत खाली आणतात. १२ मेगापिक्सलचा फोटो आकारानं तेवढाच राहतो, फक्त थोडा दाबला जातो. साध्या डोळ्याला ते बहुतेकदा कळणारही नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ओरिजिनल तो ओरिजिनलच. शिवाय दोन वर्षं खातं वापरलंच नाही, तर ते काढून टाकायचा नियम आहे.

आयफोनवाल्यांनी वेगळं लक्ष द्या. आयक्लाऊडवर फुकट फक्त ५ जीबी. "ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज" चालू असेल, तर जागा कमी पडायला लागली की फोनमध्ये छोटी प्रत राहते आणि ओरिजिनल वर जातं. एअरप्लेन मोडवर धुरळा दिसतो तो याच्यामुळे. त्याच्या खालीच "डाउनलोड अँड कीप ओरिजिनल्स" आहे, ते निवडा. आणि आयक्लाऊड फोटोज चालू असताना फोनमधून डिलीट केलं, की सगळीकडूनच जातं. ते बॅकअप नाही, आरसा आहे.

आता छोट्या दुकानाचा खर्च काढू. रोज ४० फोटो, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,००० फोटो. एक फोटो ४ एमबी धरला तर महिन्याला ४ जीबी. १५ जीबी चार महिनेसुद्धा पुरत नाही. मग तुम्ही महिन्याचा प्लॅन घेता. मी घेतला तेव्हा १०० जीबीला महिना १३० रुपये होते. रक्कम मोठी नाही, पण ती कधीच थांबत नाही. आणि ते ४ जीबी वर चढवायला, अपलोडचा स्पीड २ एमबीपीएस मिळाला तर सलग साडेचार तास लागतात. उतरवायलाही नेट लागतंच. गिऱ्हाईक काउंटरवर उभं आहे आणि तुम्ही "एक मिनिट हां, लोड होतंय" म्हणताय, त्या एका मिनिटात ते शेजारच्या दुकानात जातं. हे मी पाहिलंय, माझ्याच दुकानातून.

ऑगस्ट २०१९ आपल्या भागात कुणी विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद. इचलकरंजीत नदीकाठच्या वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या. आमच्या घरी दोन कुटुंबं राहायला होती. २०२१ च्या जुलैत परत तेच. अशा वेळी दोन्ही बाजू उघड्या पडतात. लाईट आणि नेटवर्क नसेल तर क्लाऊडमधलं काही दिसत नाही, आणि फोन पाण्यात गेला असेल तर फोनमधलं काही उरत नाही. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी दुकान सोडायच्या आधी रॅकनिहाय मालाचे फोटो काढले होते. पंचनाम्याला, विम्याच्या कामाला बिलं आणि स्टॉक रजिस्टर लागतंच, पण जोडीला हे फोटो फार उपयोगी पडले. ओरिजिनल फोटोत तारीख, वेळ, कधीकधी जागासुद्धा आत नोंदलेली असते. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवला की ही नोंद निघून जाते.

यातच एक धोक्याची सूचना. हीच नोंद उलटीही पडू शकते. घरी काढलेला ओरिजिनल फोटो अनोळखी माणसाला डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर घराचं लोकेशनही जाऊ शकतं. घरून धंदा करणाऱ्या भगिनींनी कॅमेऱ्यातलं लोकेशन बंदच ठेवावं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो

६०० मीटरच्या प्रकरणानंतर मी क्लाऊड पूर्ण बंद केलं. सगळं फोनमध्ये. चार महिने मजेत गेले. मग एका पावसाळी संध्याकाळी गाडीवरून येताना फोन वरच्या खिशात भिजला आणि मदरबोर्ड गेला. रिपेअरवाल्यानं सरळ हात वर केले. पूर्वी मेलेल्या फोनच्या चिपमधून काही ना काही निघायचं. आता अँड्रॉइड १० पासून नवीन फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेलाच असतो, त्यामुळे चिप काढून दुसरीकडे वाचली तरी नुसता कचरा मिळतो. चार महिन्यांचे फोटो गेले. या वेळी चिडायला कुणी अॅपपण नव्हतं.

त्यामुळे "क्लाऊडऐवजी फोन" असं मी म्हणतो, तेव्हा अर्धंच वाक्य ऐकून जाऊ नका. फोन हे शोरूम आहे. माल हाताशी पाहिजे, पूर्ण दर्जाचा पाहिजे, नेट नसतानाही दिसला पाहिजे. पण शोरूमच्या मागं गोदाम लागतं, आणि ते स्वतःचं लागतं.

माझं दुकान सोमवारी बंद असतं. सोमवारी सकाळी चहा व्हायच्या आत मी फोन कॉम्प्युटरला जोडतो आणि आठवड्याचे फोटो हार्ड डिस्कवर घेतो. १ टीबीची डिस्क मला ४ हजारांच्या आसपास पडली. महिन्याला ४ जीबीच्या हिशोबानं ती भरायला वीस वर्षं लागतील, त्याच्या कितीतरी आधी ती खराब होईल. म्हणून दुसरी एक आहे, ती महिन्यातून एकदा भरून आईच्या घरी कपाटात ठेवतो. एकाच छताखाली दोन डिस्क ठेवल्या तर आग, चोरी, पाणी दोघींना एकदमच गाठणार. कॉम्प्युटर नसेल तर एका बाजूला टाईप-सी आणि दुसऱ्या बाजूला साधी पिन असलेला १२८ जीबीचा पेनड्राईव्ह मिळतो, तो थेट फोनला लागतो. फक्त बाजारात "१ टीबी, ३९९ रुपये" दिसलं तर हात लावू नका. ते नुसतं आकडा दाखवतं, आत जागा नसते, आणि फोटो कॉपी झाल्यासारखे वाटून उघडतच नाहीत.

कॉपी झाल्यावर मी दोन गोष्टी बघतोच. फोल्डरमधल्या फोटोंची संख्या दोन्हीकडे सारखी आहे का, आणि मधले पाच-सहा फोटो डिस्कवरून उघडतात का. मगच फोनमधले जुने काढायचे. चालू सीझन आणि गेला सीझन फोनमध्ये राहतो, त्याच्या मागचा गोदामात जातो.

फोनमध्ये जागा कमी पडते म्हणून ओरडणाऱ्यांचा फोन मी बघितला की नव्वद टक्के वेळा दोषी मालाचे फोटो नसतात. दोषी असतात फॉरवर्ड आलेले व्हिडिओ. व्हॉट्सअॅपचं आपोआप डाउनलोड बंद करा, धंद्यासाठी "माल" नावाचा वेगळा अल्बम करा. कॅमेऱ्यात ५० किंवा १०८ मेगापिक्सलचा मोड रोज वापरायची गरज नाही. १२ पुरे आहे. त्यापेक्षा खिडकीजवळचा उजेड आणि कापडाशेजारी ठेवलेली साधी मोजपट्टी जास्त काम करते. पट्टी असली की पाच वर्षांनीपण माप काढता येतं. फोटोसोबत कागदाच्या चिठ्ठीवर माल नंबर, दर आणि तारीख लिहून एक फोटो घ्या, शोधाशोध वाचते.

गिऱ्हाइकाला पूर्ण दर्जाचा फोटो हवा असेल तर व्हॉट्सअॅपमध्ये गॅलरीऐवजी "डॉक्युमेंट"मधून जोडा. २०२३ पासून एचडीचं बटण आलंय, ते नेहमीपेक्षा बरं आहे, पण तेही ओरिजिनल नव्हे.

आणि क्लाऊडवर? तिथं मी निवडक २०० फोटो ठेवतो, जे गावाबाहेर असताना कुणाला लिंक पाठवायला लागतात. झेरॉक्स. ती गेली तरी माझी झोप उडत नाही. ते खातं दुकानाच्या नावाचं आहे, चालू नंबरवर आहे, आणि पासवर्ड डायरीत लिहून आईकडच्या डिस्कबरोबर ठेवलाय. तुमचं खातं कुणी काढून दिलंय, रिकव्हरीला कुणाचा नंबर आहे, हे आज रात्री जेवायच्या आधी तपासा. दुकानातल्या पोराचा नंबर असेल आणि पोरगं उद्या काम सोडून गेलं, तर माझ्यासारखीच गत होईल.

बिलांचे फोटोही याच गोदामात टाका. प्रिंटरच्या त्या गुळगुळीत कागदावरची शाई वर्षभरात उडते, आणि जीएसटीची नोंद असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशोब सांभाळायचे असतात. फोटो म्हणजे बिल नव्हे, पण शाई उडाल्यावर कुठल्या पार्टीकडं दुसरी प्रत मागायची एवढं तरी कळतं.

आरी वर्कच्या ताई काल दुकानात आल्या होत्या, अस्तराचं कापड घ्यायला. पेनड्राईव्ह घेतलाय म्हणाल्या. पोरानं एकदा दाखवलं, आता त्यांचं त्या करतात. मी विचारलं, ठेवलाय कुठं?

"मण्यांच्या डब्यात."

"ताई, तो डबा तर फोनशेजारीच असतो की!"

"तो डबा नव्हे हो सर. जुना डबा. माहेरी दिलाय, हातकणंगल्याला. वहिनीला सांगितलंय, यातलं काही विकू नको म्हणून."